४६ फुटी मोटार यॉट रात्रभर झोपण्याजोगी करताना: मे ते ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

बोट फायबरची, इटलीत बांधलेली, २००७ ची. वर फ्लायब्रिज (उघडा वरचा मजला), खाली तीन केबिन, दोन टॉयलेट, मधे सलून, म्हणजे बैठकीची खोली, आणि छोटं किचन. दोन डिझेल इंजिनं आणि ११ केव्हीएचा एक जनरेटर. मालकांनी सेकंडहँड घेतली. दिसायला देखणी, पण दोन वर्षांत तिच्यावर कुणी सलग एक रात्र काढलेली नाही. मंडळी संध्याकाळी जातात, जेवतात आणि अकराच्या आत किनाऱ्यावर परततात.

मी अलिबागला घरांचं इंटिरिअर करते. बोटीचं काम याआधी एकच केलंय, तेही गाद्या आणि पडद्यांपुरतं. मालकांनी जिनोव्हाच्या बोट शोमधले फोटो दाखवले: संगमरवर, चामड्याच्या भिंती, छतात चांदण्यांसारखे दिवे. मग म्हणाले, "हे सगळं नंतर. आधी माझ्या आईला बोटीवर एक रात्र नीट झोपता आलं पाहिजे." आजी ७६ वर्षांच्या, गुडघे दुखरे. ते एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि सगळं काम त्यावरच बेतलं.

१८ मे, मांडवा

काम ठरवण्याआधी एक रात्र स्वतः बोटीवर काढली. ज्यांना असं काम करायचंय त्यांनी हे चुकवू नये. धक्क्याला लागलेली बोट दुपारी बघून काहीच कळत नाही.

रात्री १ वाजता मागच्या मोठ्या केबिनमध्ये, एसी चालू असताना, ३१ अंश. उशीजवळ फोनचं मीटर ६३ डेसिबल दाखवत होतं. आपल्याकडे बोट बहुतेक वेळा मुरिंगवर (तळाशी पक्क्या बांधलेल्या बोयाला) किंवा नांगरावर असते, किनाऱ्याची वीज मिळत नाही. त्यामुळे एसी हवा तर जनरेटर रात्रभर चालणार, आणि तो नेमका केबिनच्या भिंतीपलीकडे. त्यातही इंजिनाच्या घरघरीपेक्षा त्याच्या एक्झॉस्टमधून पडणाऱ्या पाण्याची भसभस जास्त छळते. टॉयलेटचं दार बंद असूनही वास. आणि २ नंतर पाण्याचा ओढा फिरला तशी बोट लाटेला आडवी झाली आणि हेलकावे खाऊ लागली. मी ३ वाजता वर जाऊन बसले.

उकाडा, आवाज, वास, हेलकावे. यादी एवढीच.

२५ मे

बुद्धपौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला बोट खाडीकाठच्या यार्डात वर घेतली. करंजा-रेवस पट्ट्यात बोट वर घ्यायची म्हणजे भरतीचं पाणीच बघावं लागतं. उधाण चुकलं तर पंधरा दिवस थांबा.

२ जून

आतलं सगळं सोडवलं. छताचं व्हिनाइल हाताने ओढलं तर त्यामागचा फोम केशरी पिठासारखा अंगावर पडला. फोमला चिकटवलेलं व्हिनाइल थेट फायबरवर लावण्याची ही जुनी पद्धत आहे. पंधरा-सतरा वर्षांत फोमचं पीठ होतं आणि छत पोट सुटल्यासारखं लोंबायला लागतं. तारेच्या ब्रशने ते पीठ खरवडायला दोघांना सहा दिवस लागले. मास्क चांगला घ्या, पहिल्या दिवशी साध्या कापडी मास्कवर काम केलं आणि तिघेही खोकत होतो.

दोन खिडक्यांखालचं प्लायवूड काळं आणि ओलं निघालं. फ्रेम काढून, जुनं सीलंट पूर्ण साफ करून नव्याने बसवल्या. ८८,००० गेले, ते अंदाजात नव्हते. नवीन प्लाय सगळा आयएस ७१० चा, म्हणजे मरीन ग्रेड. कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद केली. कड उघडी राहिली तर मरीन प्लायही पाणी पितोच.

१४ जून

किचनच्या ओट्यावरून मालकांशी दीड तास बोलणं. त्यांना काळा ग्रॅनाइट हवा होता. मी वहीत मांडून दाखवलं: २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट म्हणजे चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास. किचन आणि दोन बाथरूम मिळून २.८ चौरस मीटर, म्हणजे दीडशे किलो, आणि तेही बोटीच्या एकाच अंगाला. ही बोट वेग घेताना पाण्यावर उचलली जाते, तिला प्रत्येक किलो मोजावा लागतो. शेवटी १२ मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिक सॉलिड सरफेस ठरला, चौरस मीटरला सुमारे २० किलो. रंग राखाडी. कडेला चारही बाजूंनी बोटभर उंच उठाव ठेवला, म्हणजे हेलकाव्याला पातेलं घसरून खाली येत नाही. कोपरे सगळे गोल. घरात टोकदार कोपरा चालून जातो, इथे रात्री तोल गेला की तो बरगडीत बसतो.

शेगडी इंडक्शनची. गॅस सिलिंडरला मी ठाम नाही म्हटलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खिडकीतून जात नाही, खाली उतरून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साठतो.

२७ जून

मोठी चूक, माझी.

नवं छत जुन्याच पद्धतीने, फोमवालं व्हिनाइल थेट फायबरला चिकटवून लावायचं मी ठरवलं, कारण ते पटकन होतं. बाहेर धो-धो पाऊस, आत दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर. रबर सोल्यूशन लावल्यावर त्यावर पांढुरकी साय धरली. मिस्त्री म्हणाला, "ताई, हे धरणार नाही." मी म्हटलं, दाबून बघू. तिसऱ्या दिवशी सकाळी सलूनचं अर्धं छत फुगे येऊन खाली लोंबत होतं. सोल्यूशनमधला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, ती पांढरी साय म्हणजे पाणीच. सगळं काढावं लागलं. ६२,००० रुपयांचं व्हिनाइल वाया, नऊ दिवस गेले.

दुसऱ्या वेळी पद्धतच बदलली. ४ मिलिमीटर प्लायच्या सुट्या फळ्या कापल्या, त्यांच्यावर पातळ फोम आणि व्हिनाइल ताणून मागून स्टेपल केलं आणि त्या छताला जाड व्हेल्क्रोने बसवल्या. स्टेपलच्या पिना स्टेनलेसच्या घ्या, साध्या पिनांचा गंज कापडातून वर येतो. बोटीवर ताडपत्रीचा मांडव घालून आत दोन डिह्युमिडिफायर लावले. कामाला वेळ जास्त लागला, पण आता छतामागची वायर बघायची झाली तर फळी हाताने ओढून काढता येते.

एक गोष्ट पुन्हापुन्हा तपासली: पुढच्या केबिनच्या छतातली झडप ही आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आहे. फळीची कड तिच्या कडीवर दोन सेंटिमीटर येत होती. फळी परत कापली.

९ जुलै

वासाचं काम. इथेही पैसे आधी भलत्या जागी घातले. टॉयलेटची भांडी जुनी, पिवळी पडलेली, म्हणून दोन्ही नवीन इलेक्ट्रिक घेतली होती. ९२,०००. जुनी भांडी काढली, पाइपमधलं सगळं काढून धुतलं, चार दिवस उघडं ठेवलं, तरी वास तसाच.

मग एका जुन्या मरीन फिटरने सांगितलेली परीक्षा केली. फडका कढत पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि मैल्याच्या पाइपभोवती घट्ट गुंडाळून ठेवायचा. फडका गार झाला की तो पाइपपासून लांब नेऊन हुंगायचा. फडक्याला वास आला तर तो पाइपच्या भिंतीतून झिरपतोय. आमच्या सहापैकी पाच तुकड्यांवर फडका नाकाजवळ नेववेना. म्हणजे गळती कुठेच नव्हती, पाइपच आतून मुरलेला होता. भांडी बदलायची गरजच नव्हती.

२२ मीटर नवीन पाइप, खास मैल्यासाठीचा, जाड रबरी. वाकवायला फार ताठ असतो. हेअर ड्रायरने गरम करून, टोकाला साबण लावून बसवला. प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प. पाइपला कुठेही पोट राहू दिलं नाही, पोट राहिलं की तिथे मैला साचून मुरतो. शॉवरच्या पाण्याची छोटी टाकीही उघडली. केस आणि साबणाचा काळा गोळा निघाला, मुठीएवढा. तिला आता पारदर्शक झाकण आहे, म्हणजे न उघडता दिसतं.

१९ जुलै

आवाज. या कामात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला.

इंजिनरूमला जुनं इन्सुलेशन होतं, पण फाटलेलं, डिझेल पिऊन जड झालेलं. ते काढण्याआधी एक प्रयोग केला. रात्री ८ वाजता इंजिनरूममध्ये ५०० वॉटचा हॅलोजन लावला, झाकणं बंद केली आणि वरचे सगळे दिवे घालवले. मागच्या केबिनमध्ये पलंगावर आडवी झाले. अंधाराला डोळे सरावल्यावर भिंतीत प्रकाशाच्या रेघा दिसू लागल्या. पलंगाच्या डोक्याशी वायरींचं एक भोक, करंगळी जाईल एवढं. कपाटाच्या तळाशी हातभर लांब फट. पाइप जातात तिथे चंद्रकोरीसारखी एक. प्रकाश जिथून येतो तिथून आवाजही येतो. खडूने खुणा केल्या, एकूण १४. ही भोकं बुजवायला ३,००० रुपयांचं सामान लागलं. नंतर मोजलं तेव्हा एवढ्यानेच ४ डेसिबल कमी झाले होते.

त्यानंतर नवीन इन्सुलेशन: फोम, मधे जड व्हिनाइलचा पडदा, परत फोम, वर चांदीसारखा चकचकीत पापुद्रा. आवाज अडवतं ते मधलं वजन, फोम नुसता त्याला भिंतीपासून सुटं ठेवतो. सांधे अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद. इंजिनाला लागणाऱ्या हवेच्या वाटा मोकळ्या ठेवल्या. त्या चुकून झाकल्या तर इंजिन गुदमरतं.

मिस्त्रीने सुचवलं होतं की गादीचा फोम आणि थर्माकोल लावू, निम्म्याहून कमी पैशात होईल. कृपा करून हे कुणी करू नका. तो फोम डिझेल पितो आणि एका ठिणगीत पेटतो. इथे आग न पसरवणारा, पेटलाच तर स्वतःहून विझणारा मालच हवा. इन्सुलेशनचे १,८५,००० झाले आणि त्यातला एक रुपयाही मला जास्त वाटत नाही.

पाण्याच्या भसभशीवर उपाय म्हणजे गॅस-वॉटर सेपरेटर. एक्झॉस्टमधलं पाणी वेगळं करून ते पाण्याच्या पातळीखाली सोडायचं आणि नुसता धूर वर बाजूने काढायचा. वस्तू मागवली ती परदेशातून, बंदरातून सुटायला पाच आठवडे लागले. तोपर्यंत जनरेटरचे रबरी माउंट बदलून घेतले. जुने दाबून दगड झाले होते.

८ ऑगस्ट

आजींसाठी हाताला धरायचे दांडे: जिन्यात दोन्ही बाजूंना, सलूनच्या छताला एक लांब, टॉयलेटमध्ये उभा एक. बोटीत एक दांडा सोडून दुसरा धरेपर्यंत मधे दोन पावलांपेक्षा जास्त अंतर नको. जिन्याच्या पायऱ्या ७. उंची २४ सेंटिमीटर होती, ती १९ वर आणली आणि दोन पायऱ्या वाढल्या.

मागच्या महिन्यात मागवलेले बाहेरचे दांडे ३१६ स्टीलचे म्हणून घेतले होते. तीन आठवड्यांत यार्डाच्या खाऱ्या हवेतच त्यांच्यावर चहाच्या डागांसारखे तांबूस ओघळ. लोहचुंबकाने साधं ३०४ स्टील आणि ३१६ यांमधला फरक कळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते तपासायचं द्रावण मिळतं. एक थेंब टाकून रंग बघायचा. आमचा रंग बदललाच नाही. विकणाऱ्याने बिलावर नुसतं 'एसएस' लिहिलं होतं, त्यामुळे भांडताही आलं नाही. ३८,००० पाण्यात. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि द्रावण दुकानात घेऊन जा.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सुट्टी. यार्डातल्या सगळ्या होड्यांना रंग चढलाय, आमच्याही बोटीला हार घातला.

गाद्यांचं ठरलं. जुन्या गाद्यांची खालची बाजू बुरशीने काळी होती, कारण पलंगाची फळी सपाट, हवा जायला वाटच नाही. शरीराच्या उबेने वाफ खाली उतरते आणि थंड फळीवर तिचं पाणी होतं. फळीला ४० मिलिमीटरची भोकं पाडली आणि वर दोन बोटं जाडीची प्लास्टिकची जाळीदार चटई घातली. मागच्या बसायच्या जागेच्या गाद्यांना आतून पाणी निथळून जाणारा उघड्या छिद्रांचा फोम. तो महाग आहे, पण साधा फोम एकदा भिजला की आठवडाभर ओला राहतो.

२८ ऑगस्ट

मागच्या डेकचा साग. जुन्या पट्ट्या झिजून ५ मिलिमीटर राहिल्या होत्या. २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपियन युनियनने म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले, तेव्हापासून यॉटवाल्यांमध्ये बर्मी सागाचा प्रश्न अवघड झालाय आणि बरेच जण कृत्रिम सागाकडे वळलेत. मी तिन्ही नमुने दुपारी १२ ते २ उन्हात ठेवून थर्मामीटरने मोजले. गडद कृत्रिम साग ६१ अंश, फिका कृत्रिम ५२, खरा साग ४७. अनवाणी उभं राहून बघितलं तेव्हा पहिल्यावर पाय टेकवेना.

उपाय मुंबईतच निघाला. पाडलेल्या जुन्या चाळी-वाड्यांच्या तुळया रे रोडला दारूखान्याच्या बाजूला मिळतात, शंभर वर्षं मुरलेला बर्मा टीक. लाकूड इतकं तेलकट की करवतीचा भुसा मुठीत दाबला तर लाडू वळावा. पट्ट्या काढताना रेषा उभ्या येतील अशाच कापून घेतल्या. आडव्या रेषेची पट्टी उन्हापाण्याने वाकते आणि तिचे पापुद्रे सुटतात. खिळ्यांच्या भोकांमुळे एक तृतीयांश लाकूड वाया गेलं आणि करवतीची दोन पाती तुटली, कारण आत मोडलेले खिळे होते. मेटल डिटेक्टर आधी फिरवायला हवा होता. ९ चौरस मीटरला २,२०,०००.

५ ते १३ सप्टेंबर

गणपती. यार्डात कुणी नाही. हे दिवस वेळापत्रकात आधीच धरा, रागावून उपयोग नाही. मीही घरी होते.

२० सप्टेंबर

उधाणाच्या भरतीला बोट पाण्यात. दोन नवीन एसी बसवलेत, एक सलूनला, एक मागच्या केबिनला (तिसरा, पुढच्या केबिनचा, चांगला होता). दोन्हींचे मिळून ६,४०,०००. बोटीचा एसी समुद्राच्या पाण्याने थंड होतो, त्यामुळे जमिनीवर त्याची खरी चाचणी करता येत नाही. पहिली वीस मिनिटं गार हवा. सगळे टाळ्या वाजवत होते.

२१ ते २४ सप्टेंबर

मांडव्यापर्यंत जोरात नेली आणि नांगर टाकला. एसी बंद पडले, त्यांच्या छोट्या स्क्रीनवर दाबाचा फॉल्ट. बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार थांबलेली. स्ट्रेनर (समुद्राचं पाणी गाळायची जाळी) उघडला, स्वच्छ. पंप फिरतोय. पाइपचा जोड सैल केला तर फुस्स करून हवा निघाली, पाणी आलं, एसी सुरू. परत एक फेरी मारली, परत बंद. दोन दिवस आम्ही पंपावर संशय घेत होतो.

कारणं दोन निघाली, आणि दोन्ही आमचीच. हा पंप स्वतः पाणी ओढून वर घेत नाही. तो पाण्याच्या पातळीखाली असावा लागतो आणि तळापासून एसीपर्यंत पाइप सतत चढता हवा. आमचा पाइप एका आडव्या बरगडीवरून जाऊन वीतभर खाली उतरत होता आणि मग वर चढत होता. त्या कुबडात हवा अडकायची. दुसरं, तळाला रंग दिल्यावर पाणी आत घ्यायची जाळी यार्डात उलटी बसवली गेली, तिच्या खाचा पुढे असायच्या त्या मागे. बोट पळाली की पाणी आत ढकललं जाण्याऐवजी बाहेर ओढलं जायचं आणि त्याबरोबर हवा यायची. मी बोट पाण्यात जाण्याआधी खाली वाकून पाहिलं असतं तर एका नजरेत दिसलं असतं. पाणबुड्याने ६,००० घेऊन जाळी फिरवली. पाइप बरगडीला भोक पाडून नाही, तर दुसऱ्या वाटेने नेला. बोटीची बरगडी कापायची नसते.

स्ट्रेनरही मोठा घेतला. मुंबईच्या पाण्यात गाळ आणि प्लास्टिक इतकं, की लहान स्ट्रेनर दिवसात भरतो.

मागच्या केबिनचा एसी आणखी एक दिवस रुसला, त्याच्या कॉइलवर बर्फ धरायचा. हवा परत जायची जाळी सहा बाय आठ इंच, त्यातली निम्मी जागा पट्ट्यांनीच खाल्लेली. जाळी दुप्पट केली, बर्फ थांबला. ही हवा केबिनमधलीच परत जाते ना, हे आवर्जून बघा. बिल्ज किंवा इंजिनरूमची हवा ओढली गेली तर धूर केबिनमध्ये येईल. तिन्ही केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावलेत. जनरेटर चालू ठेवून माणसं झोपणार असतील तर याला पर्याय नाही, आणि अलार्म शेजारच्या बोटीच्या धुरासाठीही लागतो.

२४ ला संध्याकाळी फ्लश केल्यावर परत वास. माझा धीर सुटला होता. मैल्याच्या टाकीच्या हवेची नळी बाहेरून बघितली तर तिच्या तोंडात मातीचा बूच. कुंभारीण माशीने पावसाळ्यात घर बांधलं होतं. टाकीला श्वास नाही, म्हणून वास उलटा आत. तारेने माती काढली, तोंडाला स्टीलची बारीक जाळी लावली. पाच मिनिटांचं काम. बोट वर असताना प्रत्येक नळीच्या तोंडाला चिंधी बांधून ठेवा आणि पाण्यात जाताना त्या मोजून काढा.

३ ऑक्टोबर

सेपरेटर बसला. रात्री उशीजवळ ४७ डेसिबल. मी पलंगावर पडून जनरेटर चालू आहे ना हे विचारायला बोट चालवणाऱ्या तांडेल काकांना हाक मारली.

९ ऑक्टोबर

हेलकावे. मालकांना जायरो हवा होता, म्हणजे जोरात फिरणाऱ्या जड चाकाने हेलकावे कमी करणारं यंत्र. एवढ्या बोटीला लागणाऱ्या जायरोचं वजन साडेतीनशे ते चारशे किलो, बोटीच्या मुख्य बरगड्यांना बांधलेला पाया लागतो, वेग घ्यायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तो जनरेटरच्या जोरावर चालतो. सतरा वर्षांच्या बोटीत तो पाया करायचा म्हणजे सलूनची जमीन फोडायची. चांगली वस्तू आहे, पण या वर्षी नाही.

त्याऐवजी बाजूला लटकवायच्या मिटणाऱ्या पत्र्याच्या प्लेट केल्या. बोट एका अंगाला उचलली गेली की प्लेट उघडून पाणी धरते, खाली जाताना मिटते. पहिल्या वेळी त्या सरळ कडेच्या खुंट्याला बांधल्या. फार काही फरक नाही, उलट हिसके, आणि दोर सकाळपर्यंत निम्मा घासलेला. मग अडीच मीटरचा दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाला बांधल्या, पाण्याखाली तीन मीटर. फोनचं कोनमापक आधी ९ अंश दाखवत होतं, आता ४. खर्च ४४,०००.

तांडेल काका हे सगळं बघत होते. म्हणाले, "ताई, ओढ्याने बोट आडवी पडते म्हणून हलते. तिचं तोंड लाटेकडे धरा." मागच्या खुंट्यावरून एक दोर पुढे नेऊन त्यांनी नांगराच्या साखळीला बांधला आणि साखळी थोडी सोडली. बोट हळूच फिरली आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेवर आली. ३ अंश, कधी त्याहून कमी. दोर बोटीवरच होता. हे मी १८ मेलाच त्यांना विचारायला हवं होतं. ते चाळीस वर्षं याच पाण्यात आहेत.

१२ ऑक्टोबर

दसरा. हिशोब पुरा केला. अंदाज २४ लाखांचा दिला होता, झाले ३२.६७ लाख. त्यात यार्ड आणि मजुरी ७.६० लाख. माझ्या किंवा न तपासल्याच्या चुकीने गेलेले: छत, भांडी आणि दांडे मिळून १.९२ लाख. छताचे ६२,००० मी माझ्या फीमधून वळते केले. वेळ ठरला होता चार महिने, लागले साडेचार.

१७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. मालकांचं कुटुंब, सात माणसं, मांडव्याला नांगरावर. दूध इंडक्शनवर आटवलं, पातेलं उठावापर्यंत दोनदा घसरलं आणि तिथे थांबलं. किचनचा एक ड्रॉवर मात्र उघडत राहिला, त्याला दाबून बंद होणारी कडी बसवायची आहे.

मी सलूनमध्ये जागी होते. २ वाजता ओढा फिरला, काकांनी उठून दोर आवळला. मागच्या केबिनमध्ये २५ अंश, दार बंद. ४ च्या सुमाराला पाण्याचा पंप एकदा वाजला, कुणीतरी टॉयलेटला गेलं असावं. तो आवाज अजून टोचतो. पंपापुढे दाबाची छोटी टाकी लावली की प्रत्येक वेळी पंप सुरू व्हायचा नाही.

आजी ६:१० ला वर आल्या, दांडा धरून, कुणाच्या मदतीशिवाय. चहा घेतला. झोप लागली का विचारलं तर म्हणाल्या, "दहाला पडले ती आत्ता उठले. पण सगळ्यात वरची पायरी दिसत नाही गं अंधारात." बरोबर होतं. जिन्यातले पायाजवळचे पिवळे दिवे दुसऱ्या पायरीपासून लावलेत. पट्टीचा अर्धा मीटर तुकडा उरलाय, शनिवारी लावते.